अँटेनाखालचा रंग

ताडपत्रीवर सात वस्तू होत्या. जुना रेडिओ (कालच आणलेला नवा विमानात बसवला होता), दोन हेडफोन, मोबाइल चार्ज करायचा सॉकेट, विमानाच्या नाकातला दिवा, जाळीदार वायरीचं भेंडोळं आणि पेट्रोल दाखवणारं जुनं मीटर. यातलं प्रत्येक काढून, बदलून, पुन्हा लावून झालं होतं. रोग जिथल्या तिथं होता. रेडिओवर बोलायचं बटण दाबलं, की टाकीत एकतीस लिटर असताना मीटर चार दाखवायचं. सोडलं, की पुन्हा एकतीस.

"दाबा की परत!" बाळासो शेडच्या दारातून ओरडले. "सोमवारी तपासणीचं सायब आलं की त्यांनाबी हीच जादू दावा."

कॉकपिटमधून कृष्णातनं मान वर केली नाही. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या या धाकट्या भावानं सात वर्षं खपून शिरोळ रस्त्यालगतच्या शेडात दोन माणसांचं विमान उभं केलं होतं. वायरी त्याच्या लेकीनं, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पूर्णिमानं ओढल्या होत्या. रंग बाळासोंचा.

चाळीस वर्षं बाळासोंनी ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या रंगवल्या. मालक सकाळी गाडी लावायचा आणि संध्याकाळी मागायचा. एक हात वाळायच्या आत दुसरा द्यावा लागायचा, आणि पहिल्याच खेपेला ऊस भरताना सगळं खरवडून निघायचं. विमानाला मात्र कुणी घाई केली नव्हती. अस्तर, घासणी, पिवळा, पुन्हा घासणी, पुन्हा पिवळा. हात थरथरायला लागल्यावर मिळालेलं आयुष्यातलं पहिलं निवांत काम. पुढचं मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पूर्णिमा शिडीवर चढली. विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाच्या बुडाला तिनं वायरी तपासायच्या मीटरची एक सुई टेकवली, दुसरी आतल्या पत्र्याच्या उघड्या रिव्हेटला. दोन्हींत जोड असल्याचं मीटरनं दाखवलं नाही. तिनं एक बोल्ट सैल केला आणि थांबली.

"पप्पा, ह्याच्या खाली रबर हाय."

"मी घातलंय," बाळासो म्हणाले. "ट्यूब कापून वॉशर केलं. वर एक, खाली एक. बोल्ट आवळताना रंग चिरू नये म्हणून. भोकातनंबी नळी घातलीया. का?"

"तात्या, अँटेनाचं बूड विमानाच्या पत्र्याला भिडायला पायजे. पत्रा मिळाला न्हाय, की रेडिओची लहर वायरीवरनंच माघारी येती आणि दिसंल त्या मीटरात शिरती."

"म्हंजे माझ्या रंगामुळं?"

"रंग आणि रबर. बुडाखालचा रंग काढावा लागंल."

"दोन दिस झालं, तुमच्या वायरीत उंदरावानी शिरलाय!" बाळासोंचा आवाज पत्र्यावर आदळला. "कुणाला काय घावंना, आणि आता म्हाताऱ्याचा रंग घावला व्हय? शिकलेली माणसं तुम्ही, घावंल त्याच्यावर ढकलायचं!"

"तात्या, मी मोजून सांगालोय," पूर्णिमा म्हणाली.

"आन काढून न्हाय सुधारलं तर?"

"तर मी चुकलो म्हणीन. सगळ्यांम्होरं."

तेव्हा कृष्णात पहिल्यांदा बोलला. हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं. "राहू दे गं. दादानं एवढं जीव लावून केलंय. मीटर खोटं दाखवतंय हे मला ठाव हाय न्हवं? वर गेल्यावर तिकडं बघायचंच न्हाय. सायबाचं बघू काहीतरी."

बाळासोंच्या कानशिलांत रक्त चढलं. पोरीनं दोष दिला होता; यानं दया दाखवली होती.

"वर गेल्यावर कोण बसणार हाय त्यात?"

"मी."

"आन खरंच टाकी चारवर आली, तर कसं कळणार रं तुला? सांग की! माझं मन राखाय तू शेतात पडणार? लहानपणापास्नं असाच तू, पुळचट! तोंडावर म्हण की, दादा, तुझ्यानं घाण झाली!"

कृष्णात रेडिओची बटणं पुसायला लागला.

"उतर गं खाली," बाळासो पूर्णिमावर खेकसले.

"मी काढतो तात्या, तुमचा हात..."

"माझ्या हाताचं काय काढू नगं. उतर!"

त्यांनी अँटेना सोडवली. आठही वॉशर जमिनीवर भिरकावले. बुडाच्या मापानं चिकटपट्टी गोल लावली आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. आधी चकाकी गेली, मग दोन्ही पिवळे, मग अस्तर. पिवळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. हात थरथरत होता, तोंडानं शिव्या चालू होत्या, पण कड कुठंच वाकडी गेली नाही. आतून पांढरा पत्रा उघडा पडला. नळ्या न घालता त्यांनी बोल्ट आवळले. एवढे, की पान्ह्याखाली बाहेरचा रंग टिचला. मीटरवर चारच राहावं आणि पोरगी चुकावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"दाब."

कृष्णातनं बटण दाबलं. पूर्णिमानं कॉकपिटात वाकून पेट्रोलच्या मीटरकडं बघितलं, मग बाळासोंकडं.

"वाच की! आता का दातखीळ बसली?"

तिनं वाचलं. बटण दाबलेलं, एकतीस लिटर. बटण सोडलेलं, एकतीस लिटर.