न सांगण्याचा नियम

त्या कॉलेजात शिकवणं सोडून बाकी सगळं चालायचं. फळा नाही, परीक्षा नाही, तासाची घंटा नाही. जुनं गोदाम रंगवून काढलेलं, साठ पोरं, सात शिकवणारे आणि नियम एकच: पोरांची चूक पोरांना सांगायची नाही. ती त्यांनी अनुभवातून स्वतः शोधायची. शिकवणाऱ्याने फार तर प्रश्न विचारावा. नियम काढला कॉलेजच्या मालकांनी. त्यांना सर म्हटलेलं खपायचं नाही, सगळ्यांनी दादा म्हणायचं. इथे सगळे समान, असं ते सांगायचे, आणि ज्याला ते पटायचं नाही त्याला महिनाअखेर घरी बसवायचे.

मास्तर तिथे सुतारकामाला होता. तीस वर्षं रंधा मारलेला माणूस. पोरं करवत उलटी धरायची, चांगल्या लाकडाचा भुगा करायची, आणि हा आपला तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. का? तर त्याची एकुलती एक लेक तिथे फुकट शिकत होती. मास्तरची नोकरी गेली की तिची जागाही जाणार. आठवी शिकलेल्या बापाला वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. गाढवपणा सगळा! पण तेव्हा कोण सांगणार?

आणि लेकीला त्याची किंमत? शून्य. कॉलेजात ती त्याला बाबा म्हणायची नाही, इतरांसारखं "मास्तर" म्हणायची, आणि तेही असं, की दाराशी आलेल्या विक्रेत्याला परत पाठवतेय.

त्या वर्षी पालकांच्या भेटीसाठी पोरांनी वाचनखोलीत लाकडी माळा बांधायला घेतला. साडेसात फूट उंचीवर, वीस माणसं उभी राहतील एवढा. सगळ्या कामाची पुढारी लेक. भेटीच्या दिवशी पाहुण्यांना वर नेऊन, मधोमध उभं राहून तीच माहिती सांगणार होती.

मास्तरने माळा खालून नीट पाहिला. पुढची बाजू खांबांवर होती, ती ठीक. पण मागची बाजू टेकली होती भिंतीला मारलेल्या एका लाकडी पट्टीवर. पट्टी इंचभर जाड आणि तिला मारलेले स्क्रू दीड इंची. म्हणजे भिंतीत अर्धा इंच, आणि तोही नुसत्या गिलाव्यात. विटेला स्क्रू शिवलासुद्धा नव्हता.

"ही पट्टी कशाने धरलीय?" मास्तरने नियमाप्रमाणे प्रश्न विचारला.

"स्क्रूने," लेक म्हणाली.

"आणि स्क्रूला कोणी धरलंय?"

"भिंतीने. अजून काही?"

"भिंतीतल्या कशाने?"

लेक फणकारली. "दादा, बघा ना! मास्तर प्रश्न विचारत नाहीयेत, उत्तर घुसवतायत."

दादा हसत आले. ते नेहमीच हसत यायचे, मेले. "मास्तर, तुमच्या प्रश्नाला उत्तराचा वास येतोय. तुमची भीती मुलांच्या अंगावर टाकू नका."

"दादा, हा माळा पडेल."

"पडला तर शिकतील."

"माणसं मरतील!"

"हे झालं विधान," दादा शांतपणे म्हणाले. "नियम मोडलात. या वेळी सोडतो. पुन्हा तोंड उघडलंत तर तुम्हीही घरी आणि मुलगीही."

मास्तरच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी जेवताना त्याने लेकीला सरळ सांगितलं, की स्क्रू आखूड आहेत, चार इंची घाल, खाली खांब दे. घरात कुठला आलाय नियम?

लेकीने ताट सरकवलं. "तुम्हाला बघवत नाही ना? तुमच्या मदतीशिवाय मी काही उभं केलं, ते टोचतंय."

"अगं, तू वर असणार आहेस!"

"असणारच. तुम्ही नका येऊ."

मास्तरची बायको मध्ये पडायला गेली, तर दोघंही तिच्यावर खेकसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बिचारी करणार काय? ताटं उचलून ती आत गेली.

भेटीच्या दिवशी पालक आले. भारी कपडे, भारी अत्तरं. लेकीने शिडीशी उभं राहून सांगायला सुरुवात केली, की एकाही मोठ्या माणसाच्या सल्ल्याशिवाय हे बांधलंय. टाळ्या पडल्या. पहिल्या बाईने शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात मास्तरने तिला हाताला धरून बाजूला केलं आणि स्वतः सरसर वर चढला.

"मास्तर, खाली उतरा," दादा म्हणाले. हसू तसंच.

"उतरा खाली!" लेक किंचाळली. "लाज आणली तुम्ही!"

"खालून सगळे बाजूला व्हा," मास्तर म्हणाला. माणसं सरकली. मग तो मागच्या कडेला गेला आणि पन्नाशीच्या त्या माणसाने दोन्ही पायांवर उडी मारली. एकदा. दुसऱ्यांदा. दुसऱ्या उडीला पट्टी गिलाव्यासकट सुटली, आणि माळा मास्तरला घेऊन खाली आला.

पायाचं हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

धूळ बसायच्या आत दादा पाहुण्यांकडे वळले. "पाहिलंत? चूक डोळ्यांसमोर उलगडली! असं शिक्षण कुठे मिळतं, सांगा मला." पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळ्यांनीच. मास्तर फळ्यांत विव्हळतोय आणि वर टाळ्या! देवा रे देवा.

आठवड्याने त्याला कुबडी घेऊन गोलात बसायला बोलावलं. गोल म्हणजे तिथलं न्यायालय. सगळ्यांनी जमिनीवर वर्तुळात बसायचं, एकेकाने त्या माणसाबद्दल बोलायचं, त्याने मध्ये चकार शब्द काढायचा नाही. शेवटी त्याला एकच गोष्ट विचारतात: काय शिकलात?

मास्तरला खुर्ची दिली, एवढीच दया.

"मास्तर उद्यापासून येणार नाहीत," दादांनी सुरुवात केली. "मुलीलाही घरी पाठवणार होतो, पण राहायचं का, ते तिचं तिने ठरवावं. इथे मुलं स्वतः ठरवतात."

एकेक पोर बोललं. मास्तरांनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही. मास्तरांनी तमाशा केला. त्यातल्या आठ जणांना त्या दिवशी माळ्यावर चढायचं होतं, पण ते कोणीच बोललं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

लेकीची पाळी आली. तिने बापाच्या प्लास्टरकडे पाहिलं नाही, दादांकडे पाहिलं.

"ती चूक माझी होती," ती म्हणाली. "ती मला सापडायला हवी होती. मास्तरांनी ती माझ्याकडून हिसकावून घेतली. मी राहणार आहे."

दादांनी कौतुकाने मान डोलावली. "छान. मास्तर, आता तुम्ही. काय शिकलात?"

मास्तरने कुबडी रोवली आणि तो उभा राहिला. आवाज त्याने चढवला नाही.

"चार वर्षांपूर्वी पोरीला इथे आणलं," तो म्हणाला. "एवढी मोठी चूक केली, आणि मला कोणी सांगितली नाही."

मग लेकीकडे वळून म्हणाला, "चल."

सगळा गोल तिच्याकडे बघायला लागला. लेक उठली नाही. मास्तर एकटाच एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाला.