वरच्या दारावरचा पाटकरी

आमच्या खोऱ्यात पाणी वाटायचं काम वडिलांकडे होतं. हवाईतल्या मावी बेटाच्या डोंगरातून येणारा ओढा, त्याचे पाट आणि पाटांवर अळवाची शेतं. पाळीवरून भांडणं व्हायची, पण वडिलांचा शब्द शेवटचा. ते गेल्यावर माझा थोरला भाऊ नालेहू पाटकरी झाला.

मग उसाच्या कंपनीने कालवा खोदला आणि ओढा वरच्या वर अडवून आपल्या मळ्याकडे वळवला. अडवलेलं पाणी खाली सोडायच्या दारावर माणूस हवा होता. त्यांनी नालेहूलाच बोलावलं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मी नाही गेलो तर परका बसेल. मी असलो तर थोडं तरी खाली सोडीन."

आणि सोडायचा. रविवारी कंपनीचा गोरा साहेब चर्चमध्ये गेला की पाटात वीतभर पाणी यायचं. शेजारची मोआनी म्हातारी हसायची, "आता गोऱ्याच्या प्रार्थनेवर आपलं पोट! प्रवचन लांबू दे रे देवा!"

दोन वर्षांनी साहेबाने कालव्याच्या भिंतीवर मापाची पट्टी ठोकली. बोटभर पाणी कमी झालं तरी कळायचं. नालेहूला ताकीद मिळाली आणि आमचा पाट आटला.

त्या उन्हाळ्यात शेतात साचलेलं पाणी तापलं. कंद उपटला तर हातात नुसता घाण वासाचा लगदा. तोच पानात गुंडाळून मी डोंगर चढले.

"बघ. अळवाला आपण थोरला भाऊ मानतो ना? कुजलाय तो. दार उघड, दादा."

त्याने पाहिलंच नाही. "काढून टाकतील मला."

"टाकू देत."

"मग माझी पोरं काय खातील?"

"माझी काय खातात, विचारलंस कधी?"

 ती पुडी त्याच्या उंबऱ्यावर ठेवून मी उतरले.

पुढच्या दोन वर्षांत एकेक घर रिकामं होत गेलं. मोआनी वारली, तिचा मुलगा होनोलुलूला गेला. शेवटी मीही बोचकी बांधायला घेतली. त्याच सकाळी वरून खळाळ ऐकू आला. नालेहूने कुऱ्हाडीने दार फोडलं होतं.

पाणी आलं, पण दोन वर्षं कुणी बांध लिंपले नव्हते. ते भेगांतून, फुटक्या बांधांवरून सरळ समुद्राकडे धावत सुटलं. मी आणि माझ्या दोन मुली दोन्ही हातांनी चिखल थापत होतो. एक वाफा भरेना. दुपारी कंपनीच्या माणसांनी फळ्या ठोकून दार बंद केलं.

नालेहू खाली आला. धापा टाकत म्हणाला, "किती जणांच्या शेतात पोचलं?"

"कुणाच्या शेतात, दादा? आहे कोण इथे?"

तो चिखलातच बसला. हाताला धरून उठवावं लागलं.

आता आम्ही सगळे होनोलुलूत एका खोलीत राहतो. मी कपडे धुते. तो धक्क्यावर साखरेची पोती जहाजात चढवतो. कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर मी खोऱ्याचं नाव सांगते. तो उठून बाहेर जातो.