अर्धं डोंगराचं, अर्धं पाण्याचं

मी टेबल बोलतोय. लिहायचं नव्हे, जेवायचंही नव्हे; टेबल-टेनिसचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्याकडे बघून आता ते कुणाला पटत नाही. माझ्या अंगावर हिरवा रंग नावाला उरलाय आणि बाकी सगळा नकाशा आहे. डोंगर, नदी, धरणाचा जलाशय, गल्ल्या, पूल. अख्खं गाव पाठीवर घेऊन मी उभा आहे आणि खरं सांगू का, मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही.

मी जन्मलो तोच दोन तुकड्यांत. सुताराने माझे दोन भाग केले, चार कड्यांनी जोडले आणि वर जाळी ताणली. त्याने हात झटकले तेव्हा मला वाटलं, आपलं आयुष्य म्हणजे टकटक चेंडू खाणं. पण मला उचलून आणलं ते अग्निशमन केंद्राच्या माडीवर. तिथे काम नसतं तेव्हा काहीच नसतं आणि असतं तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते. मधल्या वेळात जवानांनी पेंगू नये म्हणून अधिकारी साहेबांनी मला घेतलं होतं. खाली लाल बंब, जिन्यात वाळत घातलेले ओले पाइप, वर मी. माझ्या शेजारी काचेची एक केबिन होती. त्यात फोन आणि वायरलेस घेऊन बसायची ऑपरेटर. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा.

संध्याकाळी खरी रंगत यायची, ती दोन माणसांमुळे. एक ताईचा नवरा. नदीकाठच्या बोट क्लबात तो पोहायला आणि वल्हवायला शिकवायचा. सगळे त्याला दाजी म्हणायचे. दुसरा ताईचा धाकटा भाऊ. कडे चढणाऱ्या मंडळाचा तो म्होरक्या आणि उभ्या भिंतीला चिकटून राहण्याच्या सवयीमुळे त्याचं नाव पडलं होतं घोरपड. संकट आलं की दोघेही आपापली माणसं घेऊन मदतीला धावायचे. जीव तोडून धावायचे. फक्त एकमेकांना विचारून धावायचे नाहीत.

"दाजी, सर्व्हिस करताय की बोट ढकलताय?"

"तू आधी दोन पायांवर उभा राहा, मग बोल."

असं चालायचं. केबिनमधून ताई ओरडायची, "अरे, हळू! इथे फोनवर माणूस रडतंय आणि मागे तुमचा तमाशा!"

एका वर्षी नदी खालच्या गल्ल्यांत शिरली. दाजींच्या बोटी निघाल्या, घोरपडीचे दोर निघाले आणि दोघेही पोहोचले त्याच एका उंच इमारतीपाशी, कारण तिथल्या गच्चीवरचे लोक सगळ्यात जोरात ओरडत होते. वाचवणारे जास्त, वाचणारे कमी. एका बाईंना खिडकीतून बोटीत घ्यायचं की गच्चीवरून दोराने उतरवायचं यावर तिथे वाद रंगला. शेवटी त्या बाई स्वतःच जिन्याने खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला माडीवर आला. सगळ्या गावाला पाव पुरवणारा हा माणूस बायको आणि कामगारांसह दिवसभर भट्टीच्या धुराड्याला धरून बसला होता. "माझ्याकडे कुणीच कसं आलं नाही?" त्याने विचारलं.

"ती गल्ली दाजींची," घोरपड म्हणाला.

"छे! ती याची," दाजी म्हणाले.

बेकरीवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे मी कुणाचाच नाही?"

ताई केबिनमधून बाहेर आली. तिने दोघांच्या हातातल्या बॅटी काढून घेतल्या, जाळी सोडली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आजपासून हे टेबल माझं."

पुढच्या आठवड्यात माझा कायापालट झाला. ताईने गावाचे मोठमोठे नकाशे मिळवले. चिकटवायला खळ बेकरीवाल्यानेच करून आणली. त्याचा राग लवकर तापायचा तसाच लवकर निवायचा. माझ्या एका अर्ध्यावर डोंगर आला, दुसऱ्यावर नदी आणि जलाशय. मला घडी घालावी लागते म्हणून नकाशा मधोमध सांध्यावर कापला. मग चेंडू रंगवले. लाल म्हणजे बोटी, पांढरे म्हणजे दोरवाले, पिवळे म्हणजे बंब. ते घरंगळू नयेत म्हणून बाटल्यांची बुचं उलटी करून त्यांना बैठक केली.

"ऐका," ताईने सगळ्यांना सांगितलं. "कोण कुठे आहे ते इथे दिसलं पाहिजे. मी चेंडू हलवल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

"म्हणजे घरीही तूच आणि इथेही तूच?" दाजी पुटपुटले.

"घरी कुठे ऐकता? निदान इथे तरी ऐका."

सुट्टीच्या दिवशी सराव व्हायचा. हरवलेला माणूस व्हायला बेकरीवाला हौसेने तयार. एकदा तो इतका छान लपला की सापडेनाच. शेवटी घोरपडीच्या माणसांना खडकामागून घोरणं ऐकू आलं. असा सराव मला फार आवडायचा. माणसं चुकत, हसत, पुन्हा करत. दोन पथकांची माणसं एकमेकांच्या डब्यातलं खायला लागली. दाजी आणि घोरपड यांचं मात्र तेच. ताई दोघांना वेगवेगळ्या बाजूंना उभं करायची; डोंगराकडे भाऊ, पाण्याकडे नवरा.

आणि मग तो दिवस आला.

कितीतरी दिवस पाऊस थांबला नव्हता. दुपारी माणसं जेवून हात धूत होती, तेवढ्यात फोन वाजला. जलाशयाच्या वरच्या घाटरस्त्यावर एका बससमोर दरड कोसळली होती. ड्रायव्हरने बस मागे घ्यायला सुरुवात केली तर मागेही कोसळली. बसमध्ये टपाल खात्यातून निवृत्त झालेली मंडळी, सहलीला निघालेली. ताईने लांब वायरचा फोन ओढत माझ्यापाशी आणला. कुणाला लागलंय का, रस्ता कुठे खचतोय, शांतपणे एकेक विचारत होती.

"थांबा," ड्रायव्हर म्हणाला, "एक आजी फोन मागतायत."

"अगं, मी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

"आई?"

"हो. घाबरू नकोस. आमच्याकडे डबे भरपूर आहेत. फक्त रस्त्याची कड जरा जरा खाली जातेय."

ताईचा तळहात माझ्यावर टेकलेला होता. तो बर्फासारखा गार पडला. पण तिचा आवाज होता तसाच राहिला. "आई, फोन ड्रायव्हरकडे दे. आणि सगळ्यांना बसमधून उतरवून डोंगराच्या बाजूला उभं कर."

साहेब जवळ आले. "ताई, तुम्ही बसा. मी बघतो."

"साहेब, हात थरथरायला लागले की बसेन. तोवर तुम्ही धरणाच्या ऑफिसला फोन लावा. जलाशय भरत आलाय, ते दरवाजे उघडतील आणि पाण्याला ओढ लागेल. आपल्या बोटी परत येईपर्यंत थांबायला सांगा."

तोपर्यंत जिन्यावरून दोघेही धावत आले होते. एकाची आई, दुसऱ्याची सासू. आणि तरीही...

"मी वरून दोर टाकतो. एकेकाला वर ओढून घेतो," घोरपड म्हणाला.

"सत्तरीतली माणसं आहेत ती, गोण्या आहेत का ओढायला? मी खाली बोट लावतो. ती उतरून येतील."

"कशी उतरतील? खाली उभा कडा आहे, दाजी! पाण्यात उड्या मारायला लावताय का आईला?"

"संपलं?" ताईने विचारलं. "तू म्हणतोस ते वर नेणं जमणार नाही. तुम्ही म्हणता तसं तिथून खाली उतरणं जमणार नाही. आता गप्प राहा आणि मला बघू द्या."

तिचं बोट बसपासून रस्त्यावरून पुढच्या दरडीच्या अलीकडपर्यंत सरकत गेलं. डोंगराच्या अर्ध्यावरून ते माझ्या सांध्याशी आलं. तिथे कागदाची कड फुगून वर आली होती. तिने ती नखाने दाबली. त्या घडीत, बरोबर सांध्यावर, एक बंद पडलेली दगडाची खाण होती. रस्त्याच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोठमोठ्या पायऱ्यांसारखी कापलेली.

"ही खाण कुणाची?"

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. सरावात ती कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. डोंगर संपतो तिथे एकाने बघणं थांबवलं होतं, पाणी सुरू होतं तिथून दुसऱ्याने.

"तिथे मी बोटी लावू शकतो," दाजी हळूच म्हणाले. "पण पाण्याखाली कापलेले दगड आहेत. बोट हलता कामा नये. वरून कुणीतरी दोराने धरून ठेवली पाहिजे."

"मी धरतो," घोरपड म्हणाला. वाद न घालता. माझा तर विश्वासच बसेना.

ताईने पांढरा चेंडू डोंगरावर ठेवला, लाल चेंडू पाण्यावर. "निघा."

मग माडीवर उरले वायरलेसचे खरखरणारे आवाज. पिवळा चेंडू जलाशयाच्या काठावरच्या, बोटी लागायच्या धक्क्यावर गेला; तिथे बंब आणि रुग्णवाहिका थांबणार होत्या. धरणवाल्यांनी साहेबांना सांगितलं, थांबू, पण फार थांबता येणार नाही. लाल चेंडू बुचाबुचाने पुढे सरकत होता. पांढरा चेंडू मात्र डोंगराच्या माथ्यावर पोहोचला आणि घोरपडीचा आवाज बंद झाला.

ताईने हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. फक्त खरखर. तिने तो पांढरा चेंडू उचलून मुठीत धरला. कुठे ठेवायचा हेच तिला कळत नव्हतं. मला आजवर हजारो चेंडू लागले असतील, पण एखादा चेंडू अंगावर पडावा म्हणून मी इतका आसुसलो नव्हतो.

"कंट्रोल, कंट्रोल!" अचानक दाजींचा आवाज फुटला. "अगं, घोरपड दिसला! त्यांचा सेट भिजलाय बहुतेक, हात हलवतायत. खाणीच्या वरच्या पायरीवर आहेत सगळे. आणि सासूबाई त्याला दोर कसा धरायचा ते शिकवतायत!"

ताईने चेंडू खाणीवर इतक्या जोरात ठेवला की बूच उडालं.

तिथून पुढे दाजीच दोघांच्या वतीने बोलत राहिले. वर काय चाललंय तेही, खाली काय चाललंय तेही. "तुझा भाऊ एकेकाला पाठुंगळी घेऊन उतरवतोय. काय माणूस आहे गं! सांगू नकोस त्याला." मंडळी पायरी पायरी खाली येत होती. एक आजोबा छत्री सोडायला तयार नव्हते. काही जण पुढे घुसायला लागले तर सासूबाई कडाडल्या, "टपालात जन्म गेला आणि रांग लावता येत नाही?" रांग लागली. एक बोट भरून निघाली, मग दुसरी.

साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले, "ताई, धरणवाले घाई करतायत."

"शेवटची बोट भरा," ताई वायरलेसवर म्हणाली. "आईला घ्या आधी."

"त्या यायला तयार नाहीत. म्हणतात, मी शेवटी."

"त्यांना सांगा, हा कंट्रोलचा हुकूम आहे."

जरा वेळ खरखर. मग दाजींचा आवाज आला, हसू दाबलेला. "त्या म्हणतात, कंट्रोलला मी जन्म दिलाय."

अख्खी माडी हसली. जवान हसले, साहेब हसले, पावाचे ट्रे घेऊन नुकताच आलेला बेकरीवाला तर भिंतीला टेकून हसला. ताई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर, जलाशयातच, पडत होतं.

आई शेवटीच बसल्या. त्यांच्यामागून घोरपडीने दोर सोडला, बोटीत उडी मारली आणि लाल चेंडू धक्क्याला लागला. सगळे आले होते. एकही मागे राहिला नव्हता. साहेबांनी धरणाला फोन केला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "साहेब, आता बसते," ती म्हणाली आणि माझ्या पायाला पाठ टेकून जमिनीवरच बसली.

दिवस मावळायच्या आत माडी भरून गेली. ओले कपडे, टॉवेल, गरम पाव, चहाच्या किटल्या आणि एकाच वेळी बोलणारी म्हातारी माणसं. किटल्या सरळ माझ्यावर! नदी वाफाळली, डोंगराला चटके बसले. पण त्या दिवशी मी कशालाच हरकत घेतली नसती. आईंनी ताईला जवळ घेतलं, मग चष्मा पुसून माझ्यावर वाकल्या आणि स्वतःचं घर शोधून काढलं. "हे बरोबर आहे हो, पण आमचं दार मागच्या बाजूला आहे. दुरुस्त करा."

घोरपडीने दाजींच्या हातात चहाचा कप दिला. "सेट बंद पडल्यावर मला वाटलं, आता कसं होणार. मग तुमची ती वाकडी टोपी दिसली खाली."

"टोपीला नावं ठेवू नकोस," दाजी म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून हात तिथेच राहू दिला.

याला आता बरीच वर्षं झाली. केबिनमध्ये मोठा पडदा आला आहे. त्यावर बोटी आपोआप सरकतात, चेंडू लागत नाहीत. म्हणून संध्याकाळी माझ्या नकाशावरच जाळी बांधून पुन्हा खेळ रंगतो. चटके बसले तिथे माझी फळी फुगली आहे. मला भंगारात काढायचा विषय एकदा निघाला होता. ताईने नुसतं पाहिलं आणि तो विषय बुडाला. अजूनही मोठं काही घडलं की माणसं आधी पडद्याकडे बघतात आणि मग माझ्याभोवती येऊन उभी राहतात. पडद्यासमोर सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. माझ्याभोवती मात्र समोरच्याचा चेहरा दिसतो.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या गावातही धावून जाणारी माणसं असतीलच. त्यांना संकट यायच्या आधी एकत्र बोलवा. काम नसेल तर खेळायला बोलवा. चिडू दे, हरू दे, एकमेकांना नावं ठेवू दे. दूर खाली पाण्यावरच्या माणसाची नुसती टोपी ओळखू यायला आधी अशा पुष्कळ संध्याकाळी सोबत घालवाव्या लागतात.

जिन्यावर पावलं वाजतायत. फोन शांत आहे, पाऊसही नाही आणि खालून कुणीतरी ओरडतंय की काल हरलेल्याने आज जाळी बांधायची. या लवकर. मी तयार आहे.