लेकींची फिट्टंफाट

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत नळाला पाणी आलं की माणसं सणवारही पुढं ढकलतात. त्या सकाळी रामकिसन आणि आशाबाईंच्या घरी ड्रम, कळशा, बादल्या, इतकंच काय कुकरसुद्धा भरून घेणं चाललं होतं. सून रूपा पदर खोचून पाणी भरत होती आणि तिची दोन वर्षांची श्रेया सांडलेल्या पाण्यात फतकल मारून बसली होती. एवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि लेक तनुजा उतरली. सोबत एकच पिशवी. कुणी काही विचारायच्या आत तिनं कळशीला हात घातला, पण डावा हात तिला वर नेता येईना.

"काय झालं गं?" आशाबाईंनी विचारलं.

"काय नाय. पानी जाईल, आधी भरून घ्या."

रूपानं तिची बाही वर सारली. दंडावर वळ होते. कुणी मारलं, हे विचारायची गरजच नव्हती. तनुजाचा नवरा सुदर्शन हा रूपाचा सख्खा भाऊ.

ही सोयरीक साटंलोटं करून झाली होती. रामकिसनचा मुलगा इंद्रजीत कंपनीत चांगला कामाला, तरी त्याला मुलगी मिळेना. वेरूळजवळ शेती करणाऱ्या कडुबांच्या सुदर्शनलाही मिळेना. मुली राहिल्यात कुठं, म्हणून दोघं बाप सगळीकडं हळहळत फिरत. त्या का राहिल्या नाहीत, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याकडं अशा वेळी मोठी माणसं हवापाण्याच्या गप्पा मारतात. अखेर तुझी लेक माझ्या घरी, माझी लेक तुझ्या घरी असं ठरलं. एकाच मांडवात दोन लग्नं लागली. "हुंडा नाय, मानपान नाय. फिट्टंफाट!" म्हणत कडुबांनी व्याह्यांना टाळी दिली.

शब्द मोठा गोड आहे. पोरं गोट्या खेळताना तो वापरतात, मित्र चहा पाजून वापरतात, शेजारणी उसनी साखर परत करताना वापरतात. तुझं माझ्यावर काही नाही, माझं तुझ्यावर काही नाही. बरोबरी सांगणारा इतका हसरा शब्द शोधून सापडायचा नाही. फक्त साखरेच्या वाटीला दुखत नाही आणि लेकीला दुखतं, एवढं दोन्ही बापांच्या ध्यानात आलं नाही.

रूपाचा संसार चांगला निघाला, तनुजाचा नाही. तरी तनुजा गप्प राहिली. रूपा तिचा हात शेकत होती, तेव्हा कुठं ती बोलली.

"म्या तोंड उघडलं असतं तर त्यांनी तुला माघारी नेलं असतं, वहिनी. दादाचं घर मोडलं असतं. पर आता लई थकले गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कडुबा भावकीतल्या दोघांना घेऊन जीपनं आले. कडुबा काही राक्षस नव्हते. उतरल्या उतरल्या त्यांनी नातीला जवळ घेतलं, लेकीला "बरी हायेस का?" विचारलं. मग चहाची कपबशी पुढ्यात ठेवून म्हणाले, "रामभाऊ, सून पाठवा. नायतर आमची लेक आमी नेतो. नात तुमची, ती ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. फिट्टंफाट."

इंद्रजीत ताडकन उठला. "रूपाला कामून नेता? तिनं काय केलं?"

"काय बी नाय केलं. पर आमचं घर रिकामं अन् तुमचं भरलेलं, हे कसं चालंल?"

या प्रश्नावर भावकीनं माना डोलावल्या. सर्वांत वाईट गोष्ट ही की रामकिसननाही तो रास्त वाटला. लेकीकडं न पाहताच ते म्हणाले, "जा बाई तू. त्या लेकराची माय तरी वाचंल."

तनुजा रडली नाही. रडायलाही अंगात थोडं बळ लागतं. तिनं पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली.

"ताई, पिशवी खाली ठिवा." रूपा दार अडवून उभी होती. बापाकडं वळून ती म्हणाली, "आप्पा, ह्या येनार नायत. अन् मी बी येनार नाय."

"येडी का काय तू? मग आमची बरोबरी कशी व्हायची?"

"दादानं ह्यांना मारलं, तवा कुटं गेली व्हती बरोबरी? ह्यांचा हात म्या शेकलाय, वळ म्या बघितलेत. ठान्यात जाऊन सांगनार हाय मी."

"सख्ख्या भावाच्या इरोधात?"

"व्हय."

 कडुबा टोपी सारखी करून उठले. "मग माहेर तुटलं समज. तुज्या मायला सांगतो, लेक मेली म्हनून."

 जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत रूपा ताठ उभी होती. मग उंबऱ्यातच बसली आणि आईचं नाव घेऊन लहान पोरीसारखी रडली. आशाबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. 

रामकिसन आतून आले आणि सुनेसमोर जमिनीवर बसले. असे ते आजवर कधी कुणासमोर बसले नव्हते.

"पोरी, माज्या लेकीसाठी तू माहेर सोडलंस. हे आता कसं फेडू मी?"

रूपानं पदरानं तोंड पुसलं.

"फेडू नका, मामा. तुमच्या फेडाफेडीतच आमी दोघी गेलो."

ती उठली. तनुजाला सोबत घेऊन पोलीस ठाण्याच्या वाटेला लागली. इंद्रजीत श्रेयाला कडेवर घेऊन त्यांच्या मागं निघाला. घरात रामकिसन मान खाली घालून तसेच बसून राहिले. एकट्या रामकिसननीच मान खाली घालावी, असं मात्र नाही.