पिकअपला झेपेल असं

सर्वांत आधी धाकट्याने विक्रीला ठेवलेल्या जुन्या डोझरच्या इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"उन्हात उभं आहे सकाळपासून," यार्डवाला म्हणाला. "गरम नाही तर काय बर्फ होणार?"

"ऊन त्या बाजूला आहे. इथे सावली आहे."

यार्डवाल्याने सावलीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कोणीतरी आणून टाकली होती. मग तो मोठ्याने हसला. चोरी पकडली गेली की हसून मोकळं व्हायचं, हे त्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकतात. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवलं की जुनं मशीन एका चावीत सुरू होतं; थंड असताना तेच मशीन दहा वेळा खोकतं. हात लावून बघायची ही सवय धाकट्याला मोठ्या भावाने लावली होती. आधी हात, मग डोळे, मग कान, आणि यार्डवाल्याचं तोंड सगळ्यात शेवटी, असं दादा म्हणायचा.

दादाला जाऊन सात वर्षं झाली. पण कुठेही इंजिन धडधडायला लागलं की त्या आवाजाच्या वरून धाकट्याला अजून हाक ऐकू येई. "ए बारक्या!" त्याला बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता. हाक आली की धाकटा मान वळवून बघायचा, आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून उगाच मान खाजवायचा.

"हे नको," वहिनी म्हणाली. "दुसरं दाखवा."

तिच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. तो न उघडताच ती बोलली, "आमची पिकअप साडेतीन टन ओढते. त्यातून ट्रेलरचे साडेसातशे किलो गेले. उरले पावणेतीन टन. त्याच्या आतलं असेल तरच पुढे बोलू, नाहीतर तुमचाही वेळ जायला नको."

"एवढा बारीक हिशेब कोण करतं, ताई? थोडं इकडे-तिकडे चालतं."

"उतारावर नाही चालत."

धाकट्याने खाली वाकून चेनचे दात बघायला सुरुवात केली. उतार हा शब्द वहिनीच्या तोंडून आला की त्याला नेहमीच काहीतरी तपासायचं आठवे.

दादा गेल्यावर मोठा डोझर विकला गेला होता. पिकअप तेवढी राहिली. धाकटा एका शेडमध्ये लोकांची मशिनं दुरुस्त करायला लागला. वहिनी मशिनं भाड्याने देणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात लागली, आणि कोणाला न सांगता दुपारच्या सुट्टीत तिथल्याच रिकाम्या मैदानावर डोझर चालवायला शिकली. हे घरी कळलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. वहिनीने तोही शांतपणे पार पाडला. आता तिला स्वतःचं काम हवं होतं. अरुंद गल्ल्यांतले भूखंड, घरामागच्या बागा, जिथे मोठं मशीन शिरतच नाही, अशी कामं. ट्रक भाड्याने न आणता पिकअपला जोडून नेता येईल असं छोटं मशीन. आणि ते निवडायला तिने धाकट्याला बरोबर घेतलं होतं. त्याने तीन वेळा टाळलं. चौथ्या वेळी ती नुसती पिकअपमध्ये बसून राहिली, आणि तो निमूट येऊन शेजारी बसला.

दुसरं मशीन थंड होतं, दिसायलाही देखणं होतं. यार्डवाल्याने पुसून चकचकीत केलेली पाटी दाखवली. वजन दोन टन सहाशे.

"पात्यासकट?" वहिनीने विचारलं.

"अं?"

"पुढचं पातं धरून दोन टन सहाशे, की पातं सोडून?"

यार्डवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. पुरुषमाणूस तरी आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं असावं.

"माझ्याकडे नका बघू," धाकटा म्हणाला. "मी फक्त नटबोल्ट बघायला आलोय."

"चालवणार तुम्हीच ना?"

"मी चालवणार," वहिनी म्हणाली. "त्यांनी कानाला खडा लावलाय."

ते खरं होतं. सात वर्षांत धाकटा कोणत्याही मशीनच्या सीटवर बसला नव्हता. खाली पडून, वाकून, हात घालून काय लागेल ते करायचा. वर चढायची वेळ आली की मालकाला चढवायचा. त्याची शेडमध्ये थट्टा व्हायची आणि तो ती होऊ द्यायचा.

पातं धरून वजन तीन टनांच्या वर जात होतं. तिघं पुढे निघाले.

तिसरं मशीन अगदी मागे, मोडीच्या पत्र्यांजवळ उभं होतं. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण धाकट्याने चेन पायाने दाबली, दातांवरून बोट फिरवलं, तेलाची पट्टी काढून नाकाशी नेली, आणि त्याच्या नकळत त्याची मान हलली. इंजिन गार होतं. पाटीवर दोन टन चारशे, आणि खाली बारीक अक्षरात, पात्यासकट.

"हे जरा गरीब दिसतं म्हणून मागे ठेवलंय," यार्डवाला म्हणाला. त्या सकाळचं त्याचं हे पहिलं खरं वाक्य असावं.

वहिनी वर चढली. चावी फिरवली. मशीन दोनदा कण्हलं, पांढरा धूर सोडला आणि सुरू झालं. थोड्या वेळात धूर विरळ झाला. तिने पातं खाली टेकवलं, चार हात पुढे नेलं, मातीचा सरळ पापुद्रा काढला, मागे घेतलं. मान वळवून मागे बघायची तिची ढब हुबेहूब दादाची होती. धाकट्याला ते बघवेना. त्या धडधडीतून हाक आली, "ए बारक्या!" आणि पाठोपाठ, "बांध रे ते. दोन मिनिटांचं काम आहे!"

या मशिनांना सीटच्या बाजूला, उतरायच्या वाटेवर, एक आडवा दांडा असतो. तो उचलल्याशिवाय खाली उतरता येत नाही, आणि उचलला की इंजिन बंद पडतं. माणूस खाली असताना मशीन हलू नये म्हणून ही सोय. पण ज्याला दिवसातून पन्नास वेळा दगड काढायला उतरावं लागतं, त्याला ती कटकट वाटते. मग दांड्याखालचं बटण तारेने दाबून बांधायचं. दांडा उचलला तरी मशीनला कळत नाही. दादाने दोनदा सांगितलं तेव्हा धाकट्याने हो-हो करून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तार बांधून दिली.

चौथ्या दिवशी उतारावर दादा एक दगड काढायला खाली उतरला, आणि त्याच्या पाठीमागे मशीन दोन हात पुढे सरकलं. दोन हात खूप झाले.

धाकटा सगळ्यांच्या आधी पोचला होता. दादाला आता कोणाचीच गरज नाही हे कळायला त्याला एक क्षण लागला. दुसऱ्या क्षणी त्याने पक्कड काढून ती तार तोडली आणि खिशात टाकली. का, तर भीती वाटली. दुसरं काही नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी बटण दाबून पाहिलं आणि लिहिलं, दांडा व्यवस्थित होता, चालवणाऱ्याची घाई नडली. तिसऱ्या दिवशी धाकट्याने खिसा चाचपला तर तार नव्हती. त्याने घर शोधलं, अंगण शोधलं, त्या उतारावर जाऊन गुडघ्यांवर बसून माती चिवडली. नाही म्हणजे नाही. तेव्हापासून त्याला वाटत होतं, ती तार कुठेतरी आहे, आणि कधीतरी, कोणाच्या तरी हातात, ती त्याच्यासमोर येणार आहे.

वहिनीने गिअर सोडला, दांडा उचलला आणि खाली उतरली. इंजिन चालूच राहिलं.

ती दोन पावलं चालून थांबली. मागे वळून मशीनकडे पाहिलं.

"बंद पडायला हवं होतं," ती म्हणाली.

न वाकताही धाकट्याला ठाऊक होतं. तरी तो वाकला. दुसऱ्याच कोणाचा तरी हात, दुसऱ्याच जाडीची तार. जागा मात्र तीच.

"बांधलंय," तो म्हणाला.

"अहो, सगळेच बांधतात!" यार्डवाल्याने हात झटकला. "उतरलं की बंद, चढलं की परत चावी. काम करायचं की चावीच फिरवत बसायचं?"

"कोण बांधतं?" वहिनीने विचारलं. "चालवणारा की दुरुस्तीवाला?"

"चालवणारा सांगतो, दुरुस्तीवाला बांधतो," यार्डवाला हसला. "आणि काही झालं की दोघंही म्हणतात, आमच्यात कोणी बांधतच नाही!"

कोणीच हसलं नाही, तेव्हा त्याला पाणी प्यायचं आठवलं आणि तो ऑफिसच्या खोलीकडे चालू लागला.

इंजिन धडधडत होतं. धाकटा बटणापाशी वाकलेलाच राहिला. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती मशीनने काढलेल्या मातीच्या पापुद्र्याकडे बघत होती.

"साहेबांचा तो कागद मला पाठ आहे," ती म्हणाली. "चालवणाऱ्याची घाई नडली. सासूबाई तेच म्हणतात. शेजारीपाजारी तेच म्हणतात. लेक मोठी झाली, आता तीही म्हणते. बाबा घाईचे होते ना, आई? मी म्हणते, होते."

"वहिनी…"

"घाईचे होतेच ते. ते काही खोटं नाही."

"वहिनी, त्या दिवशी…"

पुढचे शब्द ओठांवर आले. सात वर्षांत ते इतक्या वेळा तिथवर आले होते की त्यांना परतीची वाटही पाठ झाली होती. तो पक्कड काढायला लागला.

वहिनीने मातीवरची नजर उचलून बटणाकडे नेली. मग म्हणाली, "ती तार काढा आधी."

त्याने पक्कड घातली. तार कडक होती, गंजलेली होती. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तुटली, आणि इंजिन बंद पडलं. त्याने तुकडा ओढून काढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप पँटच्या खिशात गेला.

वहिनी पुन्हा वर चढली. बसली. दांडा खाली घेतला, चावी फिरवून मशीन सुरू केलं, मग दांडा उचलला. इंजिन जागच्या जागी थांबलं. एवढ्या आवाजानंतर यार्डात एकदम इतकं शांत झालं की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू आली. हाक आली नाही.

ती खाली उतरली, हात झटकले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. धाकट्याने तो रोज पाहिला होता, ताट वाढताना, कपडे वाळत घालताना. कशाचा आहे म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"खिशात नका ठेवू, भाऊजी," ती म्हणाली. "कपडे धुताना हाताला लागते."

आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

धाकट्याने खिशातला हात बाहेर काढला. मुठीत तार होती. तिने ती घेतली नाही. मोडीच्या ढिगाकडेही बोट दाखवलं नाही. त्याची मूठ त्याच्यापाशीच राहू दिली.

"मशीन हेच घ्यायचं," ती चालता चालता म्हणाली. "मी पिकअप मागे घेते. ट्रेलर सरळ लागला पाहिजे. तुम्ही मागे उभे राहून सांगा."

पिकअप सुरू झाली. ट्रेलर हळूहळू मागे येऊ लागला. धाकटा त्याच्या वाटेतच उभा होता, हे त्याला कळत होतं, पण हलावंसं वाटत नव्हतं. दहा हात उरले. पाच हात. बाजूच्या आरशात वहिनीचे डोळे त्याच्यावर होते. गाडी थांबली. इंजिन मात्र चालूच राहिलं.

तो ट्रेलरच्या कडेकडेने चालत खिडकीपाशी आला.

"वहिनी, ती तार मी…"

पुढचं त्या धडधडीत बुडालं. त्याचे ओठ हलत राहिले.

वहिनीने चावी फिरवली. पिकअप बंद पडली.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा."