कल्हईचा पत्रा

गफारनं मोटारीच्या दाराखाली छिन्नी टेकवली आणि हलकेच हातोडी मारली. लाल रंगाचा पापुद्रा सुटला आणि गंजाचा भुगा त्याच्या मांडीवर सांडला. आण्णासाहेबांची ही दोन बैठकांची रेसची मोटार. संस्थान बुडालं तेव्हा हैदराबादेतल्या कुणा नवाबानं विकायला काढलेली. भूम गावात आल्यापासून तिला गंजानं धरलं होतं.

डाव्या दाराखाली तीन वर्षांपूर्वी दादामियाँनं ठिगळ लावलं होतं. दादामियाँ म्हणजे भांड्यांना कल्हई करणारा म्हातारा! तरी बाजारात जो तो त्याच्याच हाताचे गोडवे गाई. खरं सांगायचं तर पत्र्याचं काम करणारा गफार जळायचा त्याच्यावर. गंज शिरला तो म्हाताऱ्याच्या ठिगळातूनच, असे वर्षभर आण्णासाहेबांचे कान भरून त्यानं हे काम मिळवलं होतं.

उजव्या दाराखालचं ठिगळ त्याचं स्वतःचं, गेल्या दसऱ्याचं. बोट लावताच बोट आत गेलं. त्यानं घाईघाईनं त्यावर फडकं टाकलं.

म्हाताऱ्याचं ठिगळ मात्र छिन्नीला दाद देईना. शेवटी ते कापून उलटं केलं, तर आतून नुकत्याच कल्हई केलेल्या पातेल्यासारखं लखलखीत. भोवतीचा पत्रा सडला होता, पण गंज कल्हईच्या कडेला येऊन थांबला होता. मोटारीच्या पत्र्यालाही कल्हई करावी, हे गफारच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"सापडला का रं दादामियाँचा गुन्हा?" ओसरीवरून आण्णासाहेबांनी विचारलं.

"व्हय मालक. पार सडलंय." गफारनं ठिगळ पिशवीत कोंबलं.

"बरं झालं तुझं ऐकलं. आता सगळी मोटार तूच बघ."

घरी येऊन त्यानं फळीवरची तांब्याची देगची काढली आणि वाळूनं घासायला बसला. आतलं तांबं लाल दिसेपर्यंत घासली. त्याची बायको नूरजहाँ बघतच राहिली.

"अजी, आत्ता रमजानमध्ये तर कल्हई केली की तिला!"

"उडालीया," तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो देगची घेऊन दादामियाँच्या भात्यापुढं बसला. म्हाताऱ्यानं ती फिरवून पाहिली. वाळूचे ओरखडे पाहिले.

"आण्णासाहेबांची मोटार तुझ्याकडं हाय म्हनं."

"व्हय, चाचा."

म्हाताऱ्यानं देगची निखाऱ्यांवर ठेवली आणि तो भाता ओढू लागला. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर गफारला बरं वाटलं असतं. देगची तापली, नवसागराचा पांढरा धूर उठला. गफार पापणी न लववता त्या हातांकडं पाहत होता.

कापसाचा बोळा फिरवता फिरवता म्हातारा मध्येच थांबला.

"तांब्याला एवढं पुरं हाय, बेटा. पत्र्याला आधी तेजाबानं धुवावं लागतं," तो म्हणाला. "जरा म्होरं सरक. तिथनं न्हाय दिसायचं."