एकाच क्रियापदाचा खोका

मी बुटांचा खोका बोलतोय. हसू नका. बूट माझ्यात जेमतेम दोन दिवस राहिले. पुढचं सगळं आयुष्य माझ्या पोटात राग राहिला. तोही सुवाच्य अक्षरात, ओळीने लावलेला.

चेकोस्लोव्हाकियाच्या मोराव्हिया भागातल्या एका लहान गावच्या दुकानातून मी घरी आलो. आत तपकिरी हिवाळी बूट होते, लुदमिला ह्रुबेशोवाबाईंच्या मापाचे. बाईंनी बूट पायात घातले आणि मला कपाटावर ठेवलं. धड खोका टाकायचा नाही, ही त्या घरची रीत. तिथून मला त्यांच्या नवऱ्याने खाली काढलं.

ओताकार ह्रुबेश गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. म्हणजे १९७१ पर्यंत. त्या वर्षी वरिष्ठांकडे एक पत्र गेलं. अडुसष्ट साली देशात घुसलेल्या रशियन रणगाड्यांना आपण काही आवतण धाडलं नव्हतं, असं ह्रुबेश वर्गात बोलले होते. ते वाक्य पत्रात तारीखवार होतं. खाली सही होती व्लास्ता मारेशोवा, रशियनच्या शिक्षिका. शिक्षकांच्या खोलीत ह्रुबेशांच्या शेजारीच बसायच्या, त्यांच्या डब्यातला केक चवीने खायच्या. महिनाभरात ह्रुबेश डेअरीच्या बॉयलरखान्यात कोळसा लोटायला लागले, आणि वर्षाच्या आत मारेशोवाबाई उपमुख्याध्यापिका झाल्या.

बॉयलरचं कसं असतं, एकदा कोळसा घातला की घटकाभर निवांत. त्या वेळात ह्रुबेशांनी एक क्रियापद धरलं. 'गेट'. इंग्रजीतलं सगळ्यात लबाड क्रियापद, असं ते म्हणायचे. हे एकटं वाटेल तिथे घुसतं आणि चेक भाषेला त्याच्या मागे डझनावारी क्रियापदं पळवावी लागतात. पत्र आलं की 'दोस्तात'. दुकानात नसलेली वस्तू ओळखीपाळखीने पैदा केली की 'सेहनात'; आमच्याकडे तेव्हा हाच शब्द जास्त चालायचा. म्हातारं होणं वेगळं, उमगणं वेगळं, एखाद्याला घालवून देणं आणखी वेगळं. एकेका अर्थाच्या चार-चार चिठ्ठ्या, सगळ्या माझ्या पोटात. वर इंग्रजी, खाली चेक, त्याखाली एक इंग्रजी वाक्य.

सगळं विष त्या वाक्यांत.

व्लास्ताला बढती मिळाली. व्लास्ताने स्वयंपाकघरासाठी फरशा मिळवल्या. व्लास्ता लठ्ठ झाली. व्लास्ताला विनोद कळत नाही. व्लास्ताने त्याला नोकरीवरून काढवलं. आणि त्यांची सगळ्यात लाडकी: व्लास्ताला ते पचलं. इंग्रजीत 'गॉट अवे विथ इट', चेकमध्ये 'प्रोश्लो यी तो'. ही चिठ्ठी त्यांनी तीनदा लिहिली, दर वेळी अक्षर आधीपेक्षा देखणं.

गाव लहान, त्यामुळे गाठ पडायचीच. एका नाताळात संत्री आली म्हणून अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. मीही तिथे होतो. बॉयलरखान्यातून घरी परतताना ह्रुबेशांच्या काखेत. मारेशोवाबाई नेमक्या त्यांच्या पुढे निघाल्या.

"या ना सर, माझ्या पुढे उभे राहा," बाई म्हणाल्या.

"नको. तुमच्या कृपेने मी मागे राहायला शिकलोय."

रांग खाली बघून हसली. बाई लाल झाल्या, पण संत्री त्यांनाच मिळाली; ह्रुबेशांच्या पाळीला टोपलीत नुसता भुसा. घरी लुदमिलाबाई म्हणाल्या, "नाही मिळाली तर नाही. सफरचंदं आहेत." त्यांच्याकडे न बघता ह्रुबेशांनी मला उघडलं आणि नवी चिठ्ठी लिहिली: व्लास्ताला शेवटची संत्री मिळाली.

अशी अठरा वर्षं गेली. माझ्या पोटात चारशे अकरा चिठ्ठ्या जमल्या.

मग एकोणनव्वदच्या हिवाळ्यात लोक चौकात जमून, सरकारला घरी जा म्हणत किल्ल्या खुळखुळवू लागले आणि कम्युनिस्टांचं राज्य गेलं. शाळेत रशियन कुणी शिकेना. रशियनच्या शिक्षकांना सांगण्यात आलं, वर्षभरात इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. त्यांना शिकवणार कोण? बॉयलरखान्यातून ह्रुबेशांना सन्मानाने परत बोलावण्यात आलं. एकसष्ट वर्षांचा तो माणूस त्या दिवशी शीळ घालत घरी आला. मला वाटलं, सुटलो. पण त्यांच्या डोळ्यांत मी आधीच चारशे बारावी चिठ्ठी पाहिली.

वर्गात सहा शिक्षक. ह्रुबेश मला टेबलावर ठेवायचे आणि एकाच विद्यार्थिनीला उभं करायचे.

"कॉम्रेड मारेशोवा, 'गेट'चे सात अर्थ सांगा."

आता गावात कुणी कुणाला कॉम्रेड म्हणत नव्हतं. चोपन्न वर्षांच्या बाई बाक धरून उभ्या राहायच्या. "तीन येतात, सर."

"तीनच? माझ्याबद्दल तर दोन पानं सुचली होती तुम्हाला."

बाई रडल्या नाहीत. खाली बसून तेच तीन अर्थ पुन्हा वहीत लिहायच्या. परीक्षा तीन आठवड्यांवर आली, तेव्हा एका दुपारी त्या ह्रुबेशांच्या दारात आल्या. ह्रुबेश घरी नव्हते. लुदमिलाबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"ते मला नापासच करणार आहेत," मारेशोवाबाई म्हणाल्या. "निदान शिकवा तरी म्हणावं."

लुदमिलाबाई आत गेल्या, मला उचलून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "घ्या. यात सगळं आहे."

"तुम्ही... मला मदत करताय?"

"तुमची कीव नाही आलेली मला. तुम्ही एकदाच्या या घरातून बाहेर पडा, म्हणून देतेय."

मारेशोवाबाईंना ते कळलं नाही. घरी जाऊन स्वयंपाकघरात शब्दकोश घेऊन त्या बसल्या आणि दहाव्या चिठ्ठीपर्यंत सगळं कळलं. त्यांनी मला धाडकन टेबलावरून ढकललं. मी चुलीजवळ पालथा पडलो, चिठ्ठ्या फरशीभर. त्याच त्या फरशा. मला वाटलं, आता आगीत.

बाईंनी एकेक चिठ्ठी उचलली आणि नंबरवार लावली. परीक्षा जवळ होती आणि एवढी चांगली उदाहरणं अख्ख्या जिल्ह्यात कुठे नव्हती. इस्त्री करताना, बटाटे उकडताना बाई मोठमोठ्याने पाठ करायच्या: व्लास्ता लठ्ठ झाली. व्लास्ताला विनोद कळत नाही. मध्येच पेन्सिल घेऊन एखाद्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'खोटं' असं लिहायच्या. फरशांच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'बहिणीने दिल्या'. नोकरीवरून काढवल्याच्या चिठ्ठीवर मात्र पेन्सिल बराच वेळ थांबली, आणि काहीच न लिहिता बाजूला झाली.

परीक्षेला ब्रनो शहरातून एक तरुण परीक्षक आले होते, शेजारी ह्रुबेश. मारेशोवाबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. मला पाहून ह्रुबेश पांढरे पडले. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

बाईंनी एकोणीस अर्थ सांगितले. प्रत्येकाला चेक प्रतिशब्द, प्रत्येकाला वाक्य, आणि प्रत्येक वाक्यात व्लास्ता. 'व्लास्ताला ते पचलं' म्हणताना त्यांनी थेट ह्रुबेशांकडे पाहिलं.

परीक्षक खूश झाले. "किती जिवंत उदाहरणं! आणि 'गेट ओव्हर'? झालं गेलं मागे टाकणं?"

"अर्थ माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्या चिठ्ठीवर वाक्य नव्हतं."

परीक्षकांना वाटलं, बाई गंमत करताहेत. त्यांनी त्यांना पहिल्या वर्गात पास केलं.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला ह्रुबेशांच्या छातीवर टेकवलं.

"मी तुमच्यावर एक पत्र लिहिलं, सर. तुम्ही माझ्यावर चारशे लिहिलीत."

"माझ्या एकाही चिठ्ठीने कुणाची भाकरी गेली नाही."

"नाही गेली. पत्र मीच लिहिलं, माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. हेही ऐकून ठेवा."

"मग माफी मागा."

"मागितली तर तिचीही चिठ्ठी कराल," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर एकाच शाळेत शिकवत असूनही दोघं कधी बोलले नाहीत.

ह्रुबेश मला घेऊन तणतणत घरी आले. "माझा खोका कुणाला विचारून दिलास?"

लुदमिलाबाई बटाटे सोलत होत्या. "खोका माझ्या बुटांचा आहे."

"त्यात माझी अठरा वर्षं आहेत!"

"माझीही होती ना, ओतो? ती बाई रोज आपल्यात जेवायला असायची. रविवारीसुद्धा. चारशे अकरा चिठ्ठ्या लिहिल्यास. माझं नाव कितींत आहे?"

"तुझा त्यात काय संबंध?"

"कितींत?"

ह्रुबेशांनी मला टेबलावर उपडं केलं आणि शोधायला बसले. पहिल्या शंभर भरभर गेल्या. मग चष्मा पुसून सावकाश. बटाटे सोलून झाले, शिजत पडले, तरी ते शोधतच होते.

"ही बघ," शेवटी ते म्हणाले, "लुदमिलाला सर्दी झाली."

बाईंनी हात पुसून चिठ्ठी घेतली. "ही तुझी ब्रनोची आत्या, तीही लुदमिलाच. मला इंग्रजी येत नाही, पण नावापुढचं आडनाव वाचता येतं."

ह्रुबेशांनी एक कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'लुदमिला गॉट'. पेन तिथेच थांबलं. त्या क्रियापदाचा एकही अर्थ त्यांना बायकोसाठी सापडेना.

"लिदा," त्यांनी विचारलं, "तुला काय मिळालं गं?"

बाईंनी गॅस बारीक केला आणि समोर खुर्ची ओढली.

"लिही. लुदमिलाला काजळीचे शर्ट धुवायला मिळाले."

त्यांनी लिहिलं.

"ओताकारला चुलीजवळची खुर्ची मिळाली. लिही. लुदमिला ऐकून ऐकून म्हातारी झाली. लुदमिलाला सगळं कळत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही."

"हा वेगळा अर्थ झाला," ह्रुबेश पुटपुटले. "याला वेगळी चिठ्ठी लागेल."

"मग घे वेगळी. अर्थ तू बघ, मी सांगते ते लिही. आणि नाव पुरं लिही, त्या व्लास्ताचं लिहायचास तसं."

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की दोघं समोरासमोर बसतात. ती सांगते, तो मान खाली घालून लिहितो. कधी तो म्हणतो, "असं नव्हतं झालं." ती म्हणते, "लिही." माझे कोपरे उसवलेत, झाकण बसत नाही, कमरेला सुतळी बांधलीय. तुम्हाला माझी दया येत असेल तर त्या घरी एखादा धड खोका पोचवा, शक्यतो मोठ्या बुटांचा. मी फार दिवस टिकायचा नाही, आणि लुदमिलाबाई सांगता सांगता अजून चौऱ्याहत्तर सालातच आहेत.